उतरलेली वस्त्रे

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळातील एखाद्या बंधूंचा दूरध्वनी येतो आणि "डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी द्या" अशी मागणी होते. मधुमेहावर लिहून झाले, रक्तदाबावर झाले, गुडघेदुखीवरही झाले. यंदा मात्र मला आपल्या अंगावरील कपड्यांविषयी लिहावयाचे आहे. विषय वरकरणी हलका वाटेल, घरातील मुलींनी मैत्रिणींशी बोलावा असा. परंतु गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस याच विषयावरून आमच्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही, आणि त्या अबोल्याच्या मुळाशी जे होते ते केवळ आमच्या घरापुरते आहे असे मला वाटत नाही.

डेल्फ्टमध्ये उन्हाळ्यातील शनिवारी कालव्यांच्या काठाने जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. निळ्या-पांढऱ्या बशा, पितळी दिवे, पुस्तके, आणि त्यांच्या शेजारी दांडीवर टांगलेले जुने कपडे. याखेरीज या देशात गावोगावी 'क्रिंगलोप' म्हणून ओळखली जाणारी दुकाने आहेत. या शब्दाचा अर्थ चक्र, फिरून परत येणे. लोक नको झालेले सामान तेथे नेऊन देतात आणि दुकान ते अल्प किमतीत विकते. यांतील अनेक दुकाने स्वयंसेवकांच्या आणि ज्यांना अन्यत्र नोकरी मिळणे कठीण अशा माणसांच्या श्रमावर चालतात. आणि २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी (२०१३ पर्यंत ३० एप्रिलला, राणीच्या नावाने), सारा देशच रस्त्यावर चादरी अंथरून आपल्या घरातील जुने सामान विकावयास बसतो. प्राध्यापकांची मुले आपले आखूड झालेले सदरे विकतात, वकिलांच्या बायका ते घासाघीस करून घेतात, आणि यात देणाऱ्यालाही कमीपणा नाही व घेणाऱ्यालाही नाही.

मी प्रथम या देशात आले तेव्हा हे सारे पाहून मला फार संकोच वाटे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी आपल्या झग्याचे कौतुक झाल्यावर "जुन्या दुकानातला आहे, सात गिल्डरांना मिळाला" असे अभिमानाने सांगितले, तेव्हा त्यांच्या वतीने मीच लाजले होते. आमच्या घरी मुंबईला एक अलिखित नियम होता. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कापड आमच्या उंबऱ्याच्या आत यावयाचे नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, टपाल खात्यात कारकून होते. पगार तुटपुंजा होता आणि आम्ही पाच भावंडे. तरी १४ एप्रिलला प्रत्येकाला एक तरी नवा कपडा होई, आणि तो कोरे कापड आणून, मापे देऊन शिंप्याकडून शिवलेला असे. अण्णांच्या साहेबांच्या पत्नीने एकदा आपल्या मुलींचे फ्रॉक पिशवी भरून पाठविले होते. फ्रॉक उत्तम होते, आम्हा बहिणींचे डोळे त्यांवर खिळले होते. अण्णांनी पिशवी उघडूही दिली नाही, दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी परत नेली. चाळीत बोहारीण येई, तेव्हा आई जुनी लुगडी देऊन स्टीलची पातेली घेई. म्हणजे कापड आमच्या घरातून बाहेर जाई, आत कधी येत नसे.

हा सगळा इतिहास माझ्या धाकट्या कन्येला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती येथील तांत्रिक विद्यापीठात शिकते. तिचे निम्मे कपडे जुन्या बाजारातले असतात आणि तिच्या पिढीत ती प्रतिष्ठेची गोष्ट आहे. अण्णा ८४ व्या वर्षी आमच्याकडे राहावयास आले होते. एका शनिवारी ती कालव्याकाठच्या बाजारातून गडद निळ्या लोकरीचा एक कोट घेऊन आली आणि आल्या आल्या तो आजोबांना दाखविला. अण्णा गिरणी कामगाराचे चिरंजीव, त्यांना कापडाची पारख आहे. त्यांनी अस्तर पाहिले, लोकर चिमटीत धरून पाहिली, "कापड चांगले आहे" म्हणाले. केवढ्याला पडला असे विचारतील असे मला वाटले होते. त्यांनी विचारले, "कुणाचा होता?"

ती सहज म्हणाली, "एका आजोबांचा. ते वारले ना, म्हणून त्यांची मुलगी घरातले सगळे विकत होती."

अण्णांनी कोट खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मोरीत जाऊन हात धुतले आणि वर आपल्या खोलीत गेले. रात्री ते जेवावयास खाली आले नाहीत. कन्येने हात धुणे पाहिले होते. तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारले, "आई, आजोबा विटाळ पाळतात का?"

जी मुलगी लहानपणापासून चवदार तळ्याची हकीकत ऐकत वाढली, तिने हा प्रश्न विचारावा आणि तो अण्णांविषयी विचारावा, यापेक्षा मोठा घाव कोणता? पण प्रश्न गैर नव्हता. मला त्या रात्री उत्तर देता आले नाही, कारण अण्णांनी का हात धुतले हे मलाही पूर्णपणे ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी ते सांगितले. आमच्या दोघींना समोर बसवून, आवाज न चढविता. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी मयताच्या अंगावर घातलेले कापड हा महाराचा हक्क मानला जाई. बलुत्याच्या भाषेत त्याला हक्क म्हणत, हे लक्षात घ्यावे. स्मशानातून आलेले ते मांजरपाट धुऊन घरात वापरले जाई. अण्णा मराठी दुसरीत असताना त्यांच्या आजीने अशाच कापडाची कोपरी त्यांना शिवून दिली. वर्गाबाहेर, ओसरीवर बसलेल्या त्या मुलाकडे बोट दाखवून एक पोरगा ओरडला की ही तर आमच्या चुलत्याच्या मढ्यावरची. कापडाच्या काठाला हळदीचा एक डाग राहिला होता, त्यावरून त्याने ओळखले. अण्णा म्हणाले, "तो डाग कुठे होता ते मी आजही दाखवू शकतो." आणि त्यांनी खरोखरच डाव्या काखेखाली बोट ठेवले.

ज्यांना हे एका गावापुरते वाटत असेल त्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवावा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत आणि प्रेतांवरील वस्त्रे नेसावीत, असे तेथे नेमून दिले आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत हेही त्याच अध्यायात आहे. म्हणजे जुने कापड अंगावर येणे हा गरिबीचा योगायोग नव्हता, तो कायदा होता. कोणाच्या अंगावर काय असावे हे दुरून पाहताच जात कळावी म्हणून ठरविलेले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात ही कलमेही जळाली. आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची पद्धत बदलावयास सांगितले, हातभर काकणे व गळाभर सऱ्या टाकून द्यावयास सांगितले. कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण तो स्वच्छ असावा, हा त्यांचा सांगण्याचा आशय होता. जुनेपणाला त्यांनी कमी लेखले नाही, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्यांचा रोख खुणेवर होता.

कापडाशी आमचे नाते दुसऱ्या टोकानेही असेच होते. अण्णांचे वडील गाव सोडून मुंबईस गिरणीत लागले, ते कताईच्या खात्यात. विणकाम खात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लावण्यास स्पृश्य विणकर तयार नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. डॉक्टर या नात्याने सांगते, एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावणे ही पद्धत कोणाच्याही आरोग्याला घातकच. पण त्यावर उपाय म्हणून पद्धत बदलली गेली नाही, माणसे बाहेर ठेवली गेली. ज्याच्या थुंकीने सूत बाटते त्याच्या अंगाला मात्र प्रेताचे कापड बाधत नाही, असे ते शास्त्र होते.

आता कन्येच्या प्रश्नाकडे येते. विटाळ आणि संसर्ग या दोन गोष्टी आहेत आणि आपल्या समाजाने त्यांत गल्लत करून घेणे परवडणारे नाही. योगायोगाने या दोहोंतील भेद ज्याच्यामुळे जगाला दिसू लागला तो माणूस डेल्फ्टचाच, आणि धंद्याने कापडवाला. अँटनी व्हान लेव्हेनहुक याचा जन्म १६३२ सालचा. १६५४ च्या सुमारास त्याने येथे कापडाचे दुकान थाटले. विणीतील धागे मोजून कापडाचा कस ठरविण्यासाठी त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. त्याने स्वतः घासून केलेल्या भिंगांतून धाग्यांच्या पलीकडचे पाहिले. तळ्याच्या पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले, १६८३ मध्ये दातांवरील कीट पाहून तेथील जंतूंचे वर्णन लिहिले. उवा किती अंडी घालतात हे पाहण्यासाठी त्याने त्या स्वतःच्या मोज्यात घालून पायावर वागविल्या. ज्या कालव्यांच्या काठाने आज जुने कोट विकले जातात, तेथून थोड्याच अंतरावर जुन्या चर्चमध्ये त्याला पुरलेले आहे. त्याच्या भिंगाखाली ऊ दिसली, जंतू दिसले. जात कोणाच्याच भिंगाखाली दिसलेली नाही.

तेव्हा जुन्या कपड्यातून रोग येतो का, याचे उत्तर 'क्वचित, आणि टाळता येतो' असे आहे. खरजेचा किडा माणसाच्या त्वचेवाचून साधारणतः दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते आणि तिच्यामार्फत टायफस हा ज्वर पसरतो. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांच्या लक्षात आले की रुग्णाचे कपडे काढून त्याला स्नान घातले की तो इतरांना रोग देईनासा होतो, आणि त्यातून १९०९ मध्ये त्यांनी उवेचा दोष सिद्ध केला. पुढे १९२८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले की हे सारे संपते. लोकरीचा कोट तसा धुता येत नाही, तो घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे ठेवावा आणि मग धुलाईवाल्याकडे द्यावा. आणि नव्या कपड्यांविषयी म्हणाल तर तेही न धुता घालू नयेत, कारण त्यांवरील रंगांनी व सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेल्या फॉर्मल्डिहाइडयुक्त द्रव्यांनी त्वचेला खाज सुटलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

एवढे शास्त्र सांगूनही अण्णांचे हात धुणे समजत नाही, हे मी जाणते. ते हात त्यांनी मृताच्या विटाळासाठी धुतले नव्हते. त्या सात वर्षांच्या मुलाच्या अंगावरची कोपरी ते धूत होते. हे कन्येला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मी कोट परत देऊ का?" अण्णांनी नको म्हटले. मीही नको म्हटले, आणि का म्हटले त्याची कारणे पुढे देत आहे, कारण आपल्यापैकी अनेक घरांत ही वेळ येणार आहे किंवा येऊनही गेली असेल.

बौद्ध म्हणून आपण चीवराकडे पाहावे. आरंभीचे भिक्खू पांसुकूल वापरीत, म्हणजे उकिरड्यावरची आणि स्मशानातली चिरगुटे गोळा करून, धुऊन, जोडून शिवलेले वस्त्र. प्रेतावरचे कापडच ते. महावग्गात अशी कथा आहे की वैद्य जीवक याने राजा प्रद्योताला बरे केले, राजाने त्याला शिवी देशाचे अत्यंत उंची वस्त्र पाठविले, आणि जीवकाने ते तथागतांना अर्पण करून विनंती केली की गृहस्थांनी दिलेली वस्त्रेही भिक्खूंना घेता यावीत. तथागतांनी ते मान्य केले. ज्याला पांसुकूल वापरावयाचे असेल त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थांकडून घ्यावयाचे असेल त्याने तसे घ्यावे, असा तो निर्णय. एका वैद्याने वस्त्राबाबत मागितलेली ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. मनूचा चांडाळ आणि बुद्धाचा भिक्खू यांच्या अंगावर कापड एकच होते. एकाला ते नाकारता येत नव्हते. दुसऱ्याने राजाच्या घरचे नाकारून ते घेतले होते. (आमच्या पूर्वजांचे कफन नेसणे हीही एक तपस्याच होती, असे कोणी आपल्या मुलांना गोड करून सांगू नये. असे बोलणारे भेटतात.)

चुल्लवग्गात आनंदाची गोष्ट आहे. राजा उदेनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजाने संशयाने विचारले की एवढ्यांचे काय करणार? ज्यांची जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना देऊ. जीर्णांचे काय? त्यांच्या चादरी करू. मग चादरींचे? गाद्यांचे अभ्रे, मग अंथरणी, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी फडकी कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. माझ्या आजीची वाकळ हाच हिशेब सांगत असे. तिच्या आठ पदरांत कोणाकोणाची लुगडी होती ते ती बोट ठेवून सांगे, आणि त्या वाकळीखाली झोपण्यात अण्णांनाही कधी कमीपणा वाटला नाही, कारण त्यातील प्रत्येक चिंधी आपल्या माणसाची होती. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे कपडे जपून ठेवले आहेत आणि आपण त्यांपुढे नतमस्तक होतो. तेही दिवंगताचे कपडेच आहेत.

नव्या पिढीच्या बाजूने आणखी एक गोष्ट. एका सुती सदऱ्याच्या कापसाला व कापडाला मिळून सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. पाण्याचा असा हिशेब मांडण्याची कल्पना आर्येन हूक्स्त्रा यांनी २००२ मध्ये मांडली, तीही याच डेल्फ्टमधील युनेस्कोच्या जलशिक्षण संस्थेत असताना. कापूस कोणाच्या रानात होतो आणि तो कोणाच्या बायका वेचतात हे विदर्भातील वाचकांना सांगावयास नको. असा सदरा दोन वेळा घालून फेकून देण्यापेक्षा कोणाचा तरी दहा वर्षे वापरणे शहाणपणाचे आहे, हे कन्येचे म्हणणे मला मान्य आहे. पण स्वस्त म्हणून एकाऐवजी सहा घेणे, हा तिच्या मैत्रिणींचा प्रकार मात्र मला पटत नाही, आणि ते मी तिला ऐकविले आहे. येथे न खपलेले गठ्ठे पुढे जातात. काही पानिपतला जातात, तेथे ते फाडून, पिंजून त्यांच्या स्वस्त घोंगड्या होतात. काही घानाच्या राजधानीत, अक्रा येथील कांतामान्तो बाजारात जातात, जो बाजार जानेवारी २०२५ च्या आरंभी आगीत जळाला आणि ज्याच्या विक्रेत्यांनी तो पुन्हा उभा केला. तेथील भाषेत या कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' अशा अर्थाचे नाव आहे. इतके चांगले कापड जिवंत माणूस टाकून देईल यावर कोणाचा विश्वास बसला नसावा. हे नाव मी अण्णांना सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा. आपल्या संस्थेत दर हिवाळ्यापूर्वी जुने कपडे गोळा करून मायदेशातील वस्त्यांत पाठविण्याचा प्रघात आहे. हेतू चांगला आहे आणि मीही त्यात पिशव्या दिल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या निवडण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात तुटक्या चेनची जाकिटे होती, काखेत पिवळे पडलेले सदरे होते, आणि बर्फावरून घसरत जाताना घालावयाची एक जाड विजार होती, जी मराठवाड्यात कोणी केव्हा घालावी हे मला अद्याप उमगलेले नाही. चांगलेही पुष्कळ होते. पण त्या वस्तीतील एकाही माणसाला आपण विचारले नव्हते की तुम्हांला हे हवे आहे का. ज्या पिशव्या अण्णांनी साहेबांच्या घरी परत नेल्या, तशाच पिशव्या आता आपण बांधीत आहोत, आणि घेणाऱ्याने त्या परत न्याव्यात कोठे?

कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव असा आहे. यंदा कपड्यांचे संकलन बंद ठेवावे. त्याऐवजी जयंतीनंतर येणाऱ्या २७ एप्रिलला आपल्या कुटुंबांनी येथल्या लोकांप्रमाणे रस्त्यावर चादर अंथरून आपले जुने कपडे स्वतः, आपल्या मुलांना शेजारी बसवून, विकावेत. जे येतील ते पैसे वस्तीतील शाळकरी मुलांच्या गणवेशासाठी पाठवावेत, आणि ते गणवेश वस्तीतल्याच शिंप्याने शिवावेत. काही बंधूंना रस्त्यावर बसणे कमीपणाचे वाटेल. त्यांनी घरी बसून हिशेब सांभाळावा, तेही काम आहे. माझ्या कन्येने चादरीची जबाबदारी घेतली आहे.

दूरध्वनीवर हे सारे अण्णांच्या कानावर घातले. निळ्या कोटाला ते शेवटपर्यंत हात न लावताच परत गेले होते, आणि त्यांनी तो लावावा असे मी म्हणणार नाही. प्रस्ताव त्यांनी ऐकून घेतला, चांगला की वाईट ते बोलले नाहीत. गणवेशाला कापड कोणते घेणार, एवढेच विचारले. टेरिकॉट घेऊ नका म्हणाले, उकडते. सुती घ्या. आणि प्रत्येक मुलाचे माप घेऊन शिवायला सांगा.